झोपेत दात खाणे, कानापुढची कळ आणि आठ दाढांच्या कॅप : डिचोलीच्या एका शिक्षिकेला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. डिचोली तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारले आहे. वय ३८. त्या झोपेत करकर दात खातात असे यजमान सांगतात. सकाळी जबडा आखडलेला असतो, कानशिले ठणकतात, उजव्या कानात कळ येते. कानाच्या डॉक्टरांनी तपासून कान निरोगी असल्याचे सांगितले. जांभई देताना उजवीकडे ‘कट्ट’ वाजते. एका दवाखान्यात दात झिजले आहेत म्हणून आठ दाढांना कॅप घालायला आणि चावा (म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसतात ती ठेवण) घासून ‘लेव्हल’ करायला सांगितले. दुसरीकडे बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारे इंजेक्शन, सुचवले. झोपताना दातांवर बसवायचा, ऑनलाइन मिळणारा मऊ गार्ड घेऊ का, हेही त्यांना हवे आहे. शिवाय सात वर्षांचा मुलगाही दात खातो, आणि सासूबाई म्हणतात पोटात जंत झालेत.

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी एकच विनंती. जे केल्यावर मागे फिरता येत नाही, ते आत्ता करू नका. घासलेला दात परत येत नाही. कॅप घालायची तर दाढ चारही बाजूंनी कोरावी लागते, आणि तीही परत येत नाही. तुमचा त्रास ज्या वर्णनाचा आहे, तो बहुतेक लोकांत शेक, सवयीतला बदल आणि गरज पडली तर एक नीट बसवलेला गार्ड एवढ्यावर आटोक्यात येतो. हे सगळे उपाय उद्या बंद करता येण्यासारखे आहेत. आधी ते.

मी फोंड्यात २७ वर्षे दातांचा दवाखाना चालवतो. हे इतक्या ठामपणे सांगतो त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

‘दातओठ खाणे’ म्हणजे राग, हे आपल्या भाषेत इतके रुजले आहे की झोपेत दात खाणाऱ्या माणसाकडे घरचे वेगळ्या नजरेने बघतात. बायका तर हे सांगतानाच ओशाळतात. तसे काही नसते. झोपेत मेंदू रात्रभर अधूनमधून क्षणभर जागेपणाच्या काठावर येतो आणि पुन्हा बुडतो, आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. त्या क्षणी आधी हृदयाचे ठोके किंचित वाढतात, मग जबड्याचे स्नायू आवळले जातात, आणि सगळ्यात शेवटी दातांवर दात घासतात. हा क्रम झोपेच्या तपासणीत नोंदवला गेलेला आहे. म्हणजे दात हे या गोष्टीचे शेवटचे टोक. सुरुवात वर मेंदूत होते. २०१८ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून मांडले ते हेच, की निरोगी माणसात दात खाणे हा स्वतंत्र आजार न मानता स्नायूंची एक वागणूक मानावी, आणि तिच्यामुळे इजा होत असेल तेव्हा उपाय करावा.

आता चावा घासण्याबद्दल. १९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी कानदुखी, कानात दडे बसणे, डोकेदुखी या तक्रारींचा संबंध मागच्या दाढा नसण्याशी आणि चाव्याशी जोडला. तिथून पुढे कित्येक दशके दंतवैद्यांचा समज असा राहिला की चाव्यात कुठेतरी उंचवटा आहे, तो अडतो, म्हणून माणूस दात खातो. उंचवटा घासला की खाणे थांबेल. मी शिकलो तेव्हाही हेच शिकवले जायचे. निळा कागद दातांत धरायचा, डाग उमटेल तिथे घासायचे. मीही ते केले. एक बसचालक रुग्ण होता, त्याचे दात मी तीन वेळा असे ‘जुळवले’. दर वेळी दोन आठवडे बरे वाटायचे, मग पुन्हा तेच. शेवटी त्याचे दात थंड पाण्याने शिवशिवू लागले आणि रात्रीचे दात खाणे जसेच्या तसे राहिले. त्या माणसाच्या दातांवरचे जे मी काढले ते मला परत देता आले नाही. पुढे वाचनात आले की संशोधकांनी मुद्दाम दाढेवर उंचवटा बसवून पाहिला होता. स्नायूंचे काम वाढायला हवे होते, ते उलट कमी झाले. म्हणून आज कोणी दात खाणे थांबवण्यासाठी चावा घासू म्हणाले तर मी स्पष्ट नको म्हणतो. नवीन फिलिंग किंवा कॅप उंच राहिली म्हणून ती घासणे वेगळे, ते करायलाच हवे.

कानाकडे येऊ. तर्जनी कानाच्या छिद्राच्या अगदी पुढे ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे हलते तो जबड्याचा सांधा. कान आणि सांधा यांच्यात हाडाची एक पातळ भिंत आहे, आणि दुखणे नेमके कुठले हे मेंदूला इथे नीट कळत नाही. म्हणून सांध्याची किंवा गालाच्या स्नायूची कळ कानात जाणवते. कानाच्या डॉक्टरांनी कान निरोगी सांगितले हे चांगलेच झाले, एक शंका मिटली.

या सांध्यात दोन हाडांच्या मध्ये एक छोटी चिवट गादी असते. तोंड उघडताना जबड्याचे टोक फिरते आणि पुढे सरकते, गादीही त्याच्याबरोबर सरकते. काही लोकांत ती थोडी पुढे घसरून बसलेली असते. तोंड उघडताना हाड तिच्यावर चढते तेव्हा ‘कट्ट’. दर तीन-चार माणसांमागे एकाच्या सांध्यात असा काही ना काही आवाज सापडतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल, तर त्याला कसलाही उपचार लागत नाही. आवाज घालवण्यासाठी कोणी महागडे काही सुचवले तर घरी परत या. पुन्हा पुन्हा वाजवून बघायची सवय मात्र सोडा, विद्यार्थ्यांना बोटे मोडू नका सांगता तसेच.

तोंड किती उघडते ते घरी बघता येते. आपलीच तीन बोटे उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये मावली पाहिजेत. साधारण ४० मिलिमीटरच्या वर हे अंतर असते. एखाद्या दिवशी ‘कट्ट’ अचानक बंद झाले आणि त्याच दिवसापासून दोनच बोटे मावू लागली, तर आवाज गेला म्हणून खूश होऊ नका. गादी पुढे अडकून बसली आहे असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि तेव्हा आठवडे न घालवता दाखवायचे.

रात्रीच्या खाण्याने जबडा दुखतो, हे जितके सरळ वाटते तितके नाही. माझ्याकडे असे लोक येतात की ज्यांच्या दाढा पाटासारख्या सपाट झाल्या आहेत आणि त्यांना आयुष्यात कधी जबडा दुखलेला नाही. आणि असेही येतात की दात शाबूत, पण गाल रोज ठणकतो. दुखणाऱ्यांत मला जास्त करून दिवसाची सवय सापडते: दात न घासता नुसते आवळून धरणे. त्याचा आवाज नाही, त्यामुळे यजमानांना कळत नाही आणि स्वतःलाही कळत नाही. रात्रीच्या करकरीकडे सगळ्यांचे लक्ष जाते आणि दिवसाचे आठ-दहा तास कोणी मोजत नाही.

ताई, हे वाचताना तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकले आहेत का? टेकले असतील तर तिथेच निम्मे दुखणे आहे. ओठ मिटलेले असताना दात सुटे असायला हवेत, दोन-चार मिलिमीटरची फट हवी. चोवीस तासांत जेवण आणि गिळणे धरून दात दातांना लागतात ते सगळे मिळून जेमतेम १५ ते २० मिनिटे. तुम्ही पेपर तपासताना, फळ्यावर लिहिताना मागे गोंगाट चालू असताना, पावसाळ्यात खड्डे चुकवत डिचोली-सांखळी रस्त्यावर स्कूटर चालवताना, मोबाइलमध्ये मान घालून बसताना बहुधा आवळून धरता. माझ्याकडच्या शिक्षक, काजू सोलणाऱ्या बायका, कॉम्प्युटरवर काम करणारी मुले, कॅसिनोत रात्रपाळी करणारी मुले या सगळ्यांचे हेच असते.

उपाय साधा आहे, पण नेटाने करावा लागतो. ‘न’ म्हणा. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे जिथे टेकले तिथेच हलके राहू द्या, ओठ मिटा, दात सुटे सोडा, खांदे खाली. ही जबड्याची विश्रांतीची जागा. ती लक्षात राहावी म्हणून खुणा लावा: हजेरीपटावर एक लाल ठिपका, स्कूटरच्या आरशावर एक, स्वयंपाकघरात पाण्याच्या माठावर एक, मोबाइलच्या मागे एक. ठिपका दिसला की दात तपासायचे आणि सोडायचे. पहिल्या आठवड्यात दर वेळी दात आवळलेलेच सापडतील आणि तुम्ही वैतागाल. तिसऱ्या आठवड्यात फरक कळू लागतो. सोबत एका वहीत पंधरा दिवस सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी शाळेतून आल्यावर दुखणे दहापैकी किती, एवढे दोन आकडे लिहा. सकाळचा आकडा मोठा असेल तर रात्रीचा वाटा जास्त, संध्याकाळचा चढत असेल तर दिवसाचा. ही वही डॉक्टरांना कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त सांगते.

दुखते तोवर दोन आठवडे जबड्याला आराम द्या. मुरगळलेल्या पायाला देतो तसाच. पेज, मऊ भात-हुमण, खिचडी, खतखते हे खा. पोईची कडक कड, फुटाणे, उसाचा करवा, सुपारी, च्युइंगगम नको. खाजे तर काही दिवस विसराच. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन्ही गालांवर आणि कानशिलांवर १५ मिनिटे, दिवसातून दोनदा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे तोंड भसकन उघडत नाही. दुखण्याची गोळी चार-पाच दिवस घ्यायला हरकत नाही, पण पित्त, मूत्रपिंड, रक्तदाब यांचा काही त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून.

झोपेकडेही बघू. रात्रीचा कडक चहा-कॉफी, तंबाखू, दारू या तिन्हींनी दात खाणे वाढते. दारूचे मुद्दाम सांगतो, कारण काजूच्या हंगामात बोंडांची उर्राक सुरू झाली की माझ्याकडे तुटलेल्या फिलिंगचे पुरुष रुग्ण वाढतात, आणि दारूने झोप चांगली लागते असा त्यांचा पक्का समज असतो. झोप लागते, पण ती तुटक असते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही, म्हणजे फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, पॅरॉक्सेटिन यांनी, दात खाणे सुरू होऊ शकते. तुम्ही अशी गोळी घेत असाल तर स्वतःहून अजिबात बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगा, मात्रा किंवा गोळी बदलता येते. आणि यजमानांना एक विचारा: मी झोपेत घोरते का, मध्येच माझा श्वास थांबून घुसमटल्यासारखे होते का? आणि तुम्हाला दिवसा वर्गात पेंग येते का? उत्तर हो असेल तर गार्ड बनवण्याआधी झोपेतल्या श्वासाची तपासणी हवी, कारण वरच्या जबड्याच्या गार्डने काही लोकांत हा त्रास वाढलेला दिसला आहे.

आता झीज आणि कॅप. दातावरचे आवरण शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू, पण दाढेच्या टोकावरही त्याची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर. ते फुटून आतला पिवळसर भाग उघडा पडला की तो फार लवकर झिजतो. त्यातही एकट्या घासण्याने होणारी झीज हळू असते. आम्ल जोडीला आले की ती धावते. आपल्याकडे रोजची सोलकढी, कैरी-मीठ, बिंबलाचे लोणचे, लिंबूसोडा. हे सोडा असे मी म्हणणार नाही, मीही सोडलेले नाही. पण जेवणाबरोबर घ्या, घोट तोंडात घोळवू नका, नंतर साध्या पाण्याने चूळ भरा, आणि आंबट खाल्ल्यावर अर्धा-पाऊण तास ब्रश करू नका, मऊ झालेले आवरण ब्रशने निघते. रात्री घशाशी आंबट येत असेल तर ते जास्त महत्त्वाचे. आडवे होण्याच्या तीन तास आधी जेवा आणि पित्तावर उपचार घ्या.

तुमच्या आठ दाढांपैकी एखादीला कॅप खरेच लागेलही. तडा गेलेली दाढ ओळखायची खूण म्हणजे विशिष्ट ठिकाणी चावून सोडताना वीज चमकल्यासारखी कळ. अशी दाढ झाकावी लागते, नाहीतर ती उभी चिरते आणि काढावी लागते. पण नुसती सपाट झालेली, न दुखणारी, न शिवशिवणारी दाढ कॅप मागत नाही. आणि दात खाणाऱ्या तोंडात गार्डशिवाय बसवलेली पोर्सलिनची कॅप फुटण्याची भीती असतेच. झोपेत दाढांवर येणारा जोर ४० किलोच्या आसपास मोजला गेला आहे, काहींत त्याच्या दुप्पट. डॉक्टरांना आठही दाढांचे कारण एकेक करून विचारा. दातांचे मॉडेल आणि फोटो काढून ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. झीज जुनी असेल, तरुणपणी झालेली आणि आता थांबलेली, तर ते त्यातच कळते.

गार्ड. ऑनलाइनचा गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा गार्ड घेऊ नका. मऊ रबरी वस्तू तोंडात आली की काही लोक ती रात्रभर चघळतात आणि सकाळी जबडा जास्त दुखतो. फक्त पुढच्या किंवा काही दातांवर बसणारा छोटा गार्ड महिनोन्महिने वापरला तर झाकलेले नसलेले दात सरकतात आणि चावा कायमचा बदलू शकतो. अशी दोन माणसे मी पाहिली आहेत, एकाला पुढे दोन वर्षे तारा लावाव्या लागल्या. हवा तो मापावरून बनवलेला, कडक ॲक्रिलिकचा, एका जबड्याचे सगळे दात झाकणारा, आणि बसवल्यावर दोन-तीन वेळा तपासून सगळीकडे सारखा टेकेल असा घासून घेतलेला. हा शेवटचा भाग बरेच जण गाळतात आणि मग गार्ड कपाटात जातो. गार्डने दात खाणे थांबत नाही, हे आधीच माहीत असू द्या. त्याने दात वाचतात आणि बऱ्याच जणांचा सकाळचा ठणका कमी होतो. थंड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. उकळते पाणी किंवा उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड यांनी तो वाकतो. आपल्या पावसाळ्यात डबीत ओल राहिली तर बुरशी धरते, तेव्हा कोरडा करूनच ठेवा.

बोटॉक्सबद्दल थोडक्यात. गालाच्या स्नायूत ते दिले की जोर कमी होतो, दात खाण्याच्या वेळा नाही. परिणाम तीन-चार महिने. पुन्हा पुन्हा दिल्यास स्नायू बारीक होतो आणि जबड्याच्या हाडावर काय परिणाम होतो याची काळजी अजून मिटलेली नाही. बाकी सगळे करूनही तीव्र त्रास राहिलेल्या थोड्या लोकांसाठी ते ठेवावे. तुम्ही अजून बाकीचे सुरूही केलेले नाही.

काही गोष्टींत मात्र वाट बघू नका. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला चावताना जबडा दमून दुखू लागला, कानशिलाला नवीनच डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखते, नजर अंधुक, असे असेल तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात. ही रक्तवाहिनीची सूज असू शकते आणि दृष्टी जाऊ शकते. चालताना, जिना चढताना जबडा दुखून थांबल्यावर थांबत असेल तर हृदय तपासा. सुपारी-गुटखा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडत असेल आणि तिखटाने आग होत असेल तर तो सांधा नव्हे, गालाच्या आतली कातडी आखडते आहे, आणि त्यात पुढे कर्करोगाचा धोका असतो. घरात कोणी असेल तर पाठवून द्या.

आता मुलगा. सात वर्षांचा म्हणजे दुधाचे दात पडून पक्के येण्याचा काळ. या वयात पुष्कळ मुले दात खातात आणि बहुतेकांचे मोठे होता होता आपोआप कमी होते. त्याला गार्ड लावू नका, जबडा वाढतो आहे. फक्त तो तोंड उघडे टाकून झोपतो का, घोरतो का, हे चार रात्री बघा. हो असेल तर टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइडसाठी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. जंतांनी दात खाणे होते याला ठोस पुरावा नाही. पण सासूबाईंशी वाद कशाला? जंतांची गोळी त्याला तशीही द्यायचीच असते, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोल देतात ते त्यासाठीच. तुम्ही शिक्षिका आहात, वर्गातल्या मुलांना तुम्ही ती दरवर्षी देत असाल. यंदा त्याने घेतली का एवढे बघा, आणि गोळीनंतरही तो दात खात राहिला तर दुसरी देऊ नका.

ठिपके आणि वही आजपासूनच सुरू करा. दोन-तीन आठवड्यांत सकाळचा आकडा खाली आला नाही तर बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात जा, सकाळच्या ओपीडीला. तिथे जबड्याच्या सांध्याची तपासणी आणि मापावरचा गार्ड दोन्ही एका छताखाली होते. जाताना वही, आठ कॅप सुचवलेला कागद, आणि काढले असतील तर जुने एक्सरे न्या. तपासणारे आधी गालाचे आणि कानशिलाचे स्नायू बोटांनी दाबून बघतील, तुमची नेहमीची कळ तिथेच उठली तर हसू नका की रडू नका, फक्त “हीच ती” म्हणून सांगा.